तुम्ही विचारलंत म्हणून: कच्चा पालक आणि भाजलेले दाणे

"काकू, तुमच्या पालकाच्या सॅलडला पाणी कसं सुटत नाही हो?"

भिशीला डबा उघडला की हा प्रश्न ठरलेला. त्याच्या पाठोपाठ दुसरा, जरा दबक्या आवाजात: "आणि कच्चा पालक बाधत नाही?" लिफ्टमध्ये कुणी विचारलं तर मी उत्तर सुरू करेपर्यंत त्यांचा मजला येतो. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

आधी कबुली देते. मी ज्याला तुमच्यासमोर सॅलड म्हणते, त्याला मनात घोळाणा म्हणते. माझं माहेर लातूरकडचं. थंडीत संध्याकाळी चुलीवर भाकरी टम्म फुगायला लागली की आई मेथीची कोवळी पानं बारीक चिरायला घ्यायची. कधी हरभऱ्याचा कोवळा पाला, कधी रानातून खुडून आणलेली करडईची पानं. त्यात कांद्याची पात, दाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि वरून करडईचं कच्चं तेल. हाताने दोन-चार वेळा घोळायचं की झालं. ताटं मांडल्याशिवाय तेल-मिठाला हात लावायचा नाही, असा आजीचा दंडक होता. एकदा मी शहाणपणा करून अर्धा तास आधीच सगळं कालवून ठेवलं, तर आजी भांड्यात डोकावून म्हणाली, "सार केलंस की गं घोळाण्याचं." तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या एका वाक्यात आहे.

पालकाकडे मी पुण्यात आल्यावर, तेही फार उशिरा वळले. मुलीने फोनवर एक फोटो दाखवला: अख्खी नाजूक पानं, वर अक्रोड, लाल फळांचे काप. मी बाजारातून जुडी आणली, पानं तशीच हाताने तोडली, वर बदाम पेरले. खाताना मातीचा वास आणि चावून चावून जबडा दुखला. आमच्या ह्यांनी दोन घास खाल्ले आणि विचारलं, "दावणीला कधी बांधतेस?"

चूक फोटोची नव्हती आणि माझीही फारशी नव्हती. आपल्या बाजारात जुडीने मिळतो तो पालक बहुतेक वेळा बिटाचा भाऊबंद असतो. शास्त्रीय नावात 'बीटा व्हल्गारिस', म्हणजे बिटाचीच जात. पुसा ज्योती, ऑल ग्रीन हे आपल्याकडचे वाण त्यातलेच. परदेशी फोटोतला पालक वेगळा, 'स्पिनाशिया'. दोघं एकाच कुळातले, पण सख्खे नव्हेत. आपल्या पालकाचं पान जाड, देठ दणकट, चवीला बिटासारखी मातकट गोडी. कधी कधी देठाच्या बुडाशी लालसर झाकही दिसते. हे कळल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ह्या पानाला फोटोतल्या पानासारखं वागवायचं नाही, मेथीसारखं वागवायचं. म्हणजे बारीक चिरायचं, तेल द्यायचं आणि दाणे सढळ घालायचे. तेव्हापासून आमच्या घरी पालक कच्चा खाल्ला जातो. ह्यांच्याकडूनसुद्धा.

जुडी घेताना पानं तळहाताएवढी किंवा त्याहून लहान बघा. फुलोऱ्याचा दांडा आलेली जुडी भाजीला न्या. सॅलडला पानं तेवढी घ्यायची. देठ डाळीत जातात. निवडून झाल्यावर एका जुडीतून दोन-तीन मुठी कामाची पानं निघतात, चार माणसांना पुरतात.

धुण्याच्या बाबतीत मी खडूस आहे. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी, त्यात पानं सोडायची, हलवायची आणि वरच्यावर उचलून घ्यायची. पातेलं चाळणीत ओतायचं नाही, नाहीतर तळाला बसलेली माती परत पानांवरच येते. पातेल्याच्या तळाला एक कणही दिसेनासा होईपर्यंत हेच. माझी तीन-चार पाणी होतात. धुऊन माती जाते, पण सगळे जंतू जात नाहीत, हेही सांगून ठेवते. २००६ मध्ये अमेरिकेत पिशवीबंद कच्च्या पालकातून ई. कोलाय जंतू पसरला आणि दोनशेच्या आसपास माणसं आजारी पडली, काही दगावलीही. त्यामुळे पाकिटावर 'धुतलेला' लिहिलंय म्हणून मी निर्धास्त होत नाही. मी आठवडे बाजारात एकाच शेतकऱ्याकडून घेते, आणि विहिरीचं पाणी का नाल्याचं, हे तोंडावर विचारते. माझ्या जाऊबाई डोंबिवलीच्या. लोकलच्या खिडकीतून त्यांनी रुळांच्या कडेची हिरवीगार पालेभाजी आणि तिला मिळणारं काळं पाणी इतकी वर्षं पाहिलंय, की त्या पालक उकळल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. मी त्यांना आग्रह करत नाही.

आणि पावसाळ्यात तर मीही कच्चा पालक करत नाही. चातुर्मासात पालेभाजी नको हे सासूबाईंचं म्हणणं मी आधी सोवळ्याच्या खात्यात टाकलं होतं. एका जुलैत जुडी निवडताना पानागणिक चिखल आणि अळ्या निघाल्या, तेव्हा ते खातं बदललं. ते चार महिने काकडीचे.

आता पाणी. पालकाच्या पानात शंभरातले नव्वदच्या वर भाग पाणीच असतं. काकडी-टोमॅटोत त्याहून जास्त. मीठ लागलं की ते आतलं पाणी बाहेर ओढलं जातं, याला कुणाचाच इलाज नाही. पण पानांवर बाहेरून आणलेलं पाणी तरी नको. पानं कोरडी म्हणजे अगदी कोरडी हवीत. मी जुन्या धोतराच्या पंच्यात पानांचं गाठोडं बांधते आणि गॅलरीत उभी राहून गोफणीसारखं गरगर फिरवते. गाठ मात्र नीट मारा. एकदा माझं गाठोडं तिसऱ्या मजल्यावरून सुटलं आणि खाली नुकत्याच धुतलेल्या पांढऱ्या गाडीवर हिरवा अभिषेक झाला. गाडीवाले सज्जन निघाले. "वहिनी, वरण पण टाकायचं होतं," एवढंच म्हणाले.

काकडी, गाजर घालायचं असेल तर काकडीच्या बिया काढून काप करते, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवते आणि मग पिळून घेते. (ते पाणी थालीपिठाच्या पिठात जातं. ओतून दिलंत तर मला सांगू नका.) काकडी चोचवायची मात्र नाही. खमंग काकडीला ते शोभतं, इथे लगदा होतो. थंडीतली लाल गाजरं किसायची नाहीत, काड्या करायच्या. टोमॅटो मी घालतच नाही. डाळिंबाचे दाणे घालते. आंबट-गोडही होतं आणि रसही दाण्यातच राहतो.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की सगळी कला पाणी घालवण्यात आहे. माझ्या मते खरी कला दाण्यांत आहे, आणि बहुतेकजण तिथेच घाई करतात.

शेंगदाणे विकतचे खारे घेऊ नका. कच्चे घ्या, जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजा, पंधरा मिनिटं तरी. आच मोठी केली की सालावर काळे ठिपके पडतात आणि आत दाणा कच्चाच राहतो. तो खाताना पिठूळ, जरा ओलसर लागतो. एखादा दाणा कढईतून काढून गार करून चावून बघा, गरम दाणा कधीच कुरकुरीत लागत नाही. पूर्ण गार झाले की चोळून सालं काढायची, सुपात पाखडायची. सूप नसेल तर ताटात घेऊन टेबलफॅनसमोर, पण मग झाडू जवळ ठेवा. निम्मे दाणे खलबत्त्यात दोन-चार ठोके देऊन भरड करायचे आणि निम्मे फोडून नुसत्या पाकळ्या ठेवायच्या. भरड पानांना चिकटते आणि सुटलेलं थोडं पाणी पिऊन टाकते, म्हणून माझ्या डब्याच्या तळाशी तळं साचत नाही. पाकळ्या दाताखाली येतात. मिक्सरमध्ये एकदम बारीक कूट केलंत तर त्याला तेल सुटून गोळे होतात, ते उपासाच्या भाजीला ठीक.

काजू घालायचे तर अख्खे कशाला? तुकडा किंवा पाकळी स्वस्त पडते आणि इथे तुकडेच हवेत. कोरड्या तव्यावर बदामी होईस्तोवर परता, काजू फार पटकन जळतो. कोकणातून कुणी येणार असेल तर सालासकट भाजलेले काजू मागवा, त्यांची धुरकट चव पालकाशी फार जमते. अक्रोड मला आवडतो, पण दुकानातला अक्रोड निम्म्या वेळा खवट निघतो. त्यातलं तेल हवेत लवकर बिघडतं. चव न बघता घालू नका, एक खवट तुकडा अख्खं भांडं वाया घालवतो. घरी आणला की सरळ फ्रीजरमध्ये ठेवा. बदाम मी इथे घालत नाही, त्याचं कारण पुढे येतं. आणि दाणे कुठलेही असोत, पानात वाढताना वरून. आधी मिसळले की सादळतात.

तेलाबद्दल मुली कुरकुर करतात. "काकू, डाएटचं सॅलड आणि वर दोन चमचे तेल?" हो, दोन चमचे, आणि चार माणसांत. पालक-गाजरातली जी पिवळी-केशरी द्रव्यं आपल्या शरीरात अ जीवनसत्त्वाच्या कामी येतात, ती चरबीत विरघळणारी. २००४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसांना पालक, गाजर, टोमॅटोचं सॅलड खाऊ घालून त्यांचं रक्त तपासलं. बिनतेलाच्या सॅलडमधून ही द्रव्यं रक्तात जवळजवळ उतरलीच नाहीत. तेल वाढवलं तशी उतरली. माझ्या आजीला कॅरोटीन हा शब्द ठाऊक नव्हता, पण कोरडा घोळाणा तिने कधी कुणाला वाढला नाही. तेल घाण्याचं असावं, करडईचं मिळालं तर उत्तम, नाहीतर शेंगदाण्याचं. माझ्या भाच्याने आणलेली ऑलिव्हच्या तेलाची बाटली मी त्यात वापरून पाहिली. वाईट नाही लागली. भाकरीबरोबर मात्र अनोळखी पाहुण्यासारखी अवघडून बसली.

बाकीचं पटकन सांगते. एक हिरवी मिरची, मीठ आणि सुपारीएवढा गूळ एकत्र खलायचा, त्यात एका लिंबाचा रस आणि दोन चमचे तेल. हे वाटीत वेगळं ठेवायचं. पालकाच्या पानांची गुंडाळी करून बारीक रेषा चिरायच्या, त्यात काकडी, गाजर, थोडा पातळ चिरलेला कांदा, डाळिंब. माणसं ताटावर बसली की वाटी ओतायची, हाताने घोळायचं, वर दाणे. फोडणी नाही. तीळ भाजून घातले तर छान, कारळ्याची कोरडी चटणी भुरभुरवली तर त्याहून छान. लिंबाने चव तर येतेच, पालकातलं लोहही शरीराला जरा सोपं जातं. त्यावर लगेच चहा प्यायलात तर तो फायदा बराचसा गेला.

आता तो दबक्या आवाजातला प्रश्न. निरोगी माणसाला वाटीभर कच्चा पालक बाधत नाही. पण पालक खाल्ल्यावर दात खरखरीत झाल्यासारखे वाटतात ना, ते त्यातल्या ऑक्झॅलेट नावाच्या द्रव्यामुळे. भाज्यांमध्ये पालक त्या बाबतीत अगदी वरच्या रांगेत, आणि बदामातही ते भरपूर. ज्यांना मूतखडे होऊन गेलेत त्यांचे खडे बहुधा ह्याच ऑक्झॅलेटचे आणि कॅल्शियमचे असतात. त्यांच्या ताटात मी हे वाढत नाही. त्यांच्यासाठी मेथीचा घोळाणा, मेथीत ते बरंच कमी. इतरांनाही मी सोबत दही ठेवते, कारण दह्यातलं कॅल्शियम पोटातच ऑक्झॅलेटला धरून ठेवतं. रक्त पातळ ठेवायला वॉर्फरिनसारखी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पालकात के जीवनसत्त्व फार असतं आणि ते त्या गोळीच्या उलट दिशेने काम करतं. आमच्या भिशीतल्या एकींची गोळी चालू आहे. त्या माझ्या डब्यातले फक्त दाणे वेचून खातात आणि तेच जास्त आवडतं म्हणतात.

राहिला शेवटचा प्रश्न, तो आमच्या मुलीच्या मैत्रिणीचा: ऑफिसला डब्यात नेता येतं का? येतं. मोठ्या डब्यात चिरलेली कोरडी पानं आणि भाज्या, खाली टिपकागद. लहान डबीत लिंबू-तेलाचं वाटण. दाण्यांची पुडी वेगळी. जेवायच्या वेळी कागद काढायचा, वाटण ओतायचं, झाकण लावून डबा जोरात हलवायचा, मग पुडी उघडायची. पुडी जरा मोठीच बांधून घ्या, कारण टेबलावर उघडली की शेजारच्यांचे हात येतात. मुलगी म्हणते, हल्ली तिच्या ऑफिसात पालकाची कुणी चौकशी करत नाही. "आज दाणे आणलेस का?" एवढंच विचारतात.