पहिली जगप्रदक्षिणा, 102 रात्री आणि खर्चाची वही

निघायच्या सव्वा वर्ष आधी मी एक जाड वही आणली आणि पहिल्या पानावर वर लिहिलं: 'रोजचा खर्च, दोघांचा'. एकूण रकमेचा आकडा मुद्दामच लिहिला नाही. जहाजाने करायच्या जगप्रदक्षिणेच्या तिकिटाची पूर्ण रक्कम पाहिली की माणूस एक तर घाबरून बेतच सोडून देतो, नाहीतर 'एवढे गेलेच आहेत, आता हे थोडे काय' म्हणत पुढचं मोजणं सोडतो. रोजचा आकडा मात्र हातात राहतो. आज जास्त गेले तर उद्या आवरतं घेता येतं. 102 रात्री तो आकडा सांभाळला, म्हणून परत येताना डोक्यावर कर्ज नव्हतं आणि मनात रुखरुखही नव्हती.

आमचा मार्ग पश्चिमेकडे जाणारा होता. जानेवारी 2025 मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून निघालो. मदेरा बेटावरचं फुंशाल, कॅरिबियन बेटं, पनामा कालवा, सॅन फ्रान्सिस्को, होनोलुलू, ऑकलंड, सिडनी, केर्न्स, सिंगापूर, मॉरिशसचं पोर्ट लुई, केप टाउन आणि पुन्हा साउदॅम्प्टन. नोंदणी केली ऑक्टोबर 2023 मध्ये, तेव्हा परतीचा रस्ता सुएझ कालव्यातून होता. पुढच्याच महिन्यापासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बऱ्याच कंपन्यांनी आपली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. आमचंही तसंच झालं. ज्या बंदरांसाठी मी सर्वांत जास्त वाचून ठेवलं होतं ती यादीतून गेली आणि केप टाउन आलं. करारात मार्ग बदलायचा हक्क कंपनीकडे असतो, तो परिच्छेद सही करण्याआधी नीट वाचा. एकाच बंदरासाठी जीव टाकून तिकीट काढू नका, आणि पैसे परत न मिळणारी बाहेरची सहल वर्षभर आधी तर मुळीच घेऊ नका.

आता मुख्य गोष्ट. तिकिटाला 100 धरा. आमचा त्यावरचा खर्च 50 झाला. विमान आणि निघण्याआधीचा हॉटेलचा मुक्काम 9, जहाजावरची रोजची टिप 9, किनाऱ्यावरच्या सहली 14, विमा 5, इंटरनेट 4, पेयं आणि जादा शुल्काची रेस्टॉरंटं 4, व्हिसा आणि लसी 3, डॉक्टर 2. तुमचे आकडे वेगळे येतील, पण तिकीट म्हणजेच खर्च असं धरून बसलात तर गडबड होणार हे नक्की.

यात टिपेकडे पहिल्यांदा जाणाऱ्यांचं हमखास दुर्लक्ष होतं. मध्यम दराच्या बहुतेक जहाजांवर ती माणशी रोज साधारण 15 ते 20 डॉलर असते आणि आपोआप खात्यावर चढते. 17 डॉलर धरले तरी दोघांचे 102 रात्रींचे 3,468 डॉलर होतात. आठवड्याच्या सहलीत जे जाणवतही नाही, ते साडेतीन महिन्यांत असं डोंगराएवढं होतं. काही कंपन्या टिप, वाय-फाय आणि पेयं तिकिटातच धरतात. म्हणून दोन जहाजांची तुलना तिकिटाच्या दराने करू नका. दोन्हीकडे सगळं मिळवून माणशी रोजचा आकडा काढा आणि मग शेजारी शेजारी ठेवा. आम्ही तसं केलं तेव्हा कागदावर स्वस्त दिसणारं जहाज महाग निघालं. एकट्याने जाणार असाल तर एकट्याच्या केबिनचा जादा आकार आधी विचारा. पुष्कळदा दीडपट ते दुप्पट भाडं द्यावं लागतं.

पूर्ण फेरीच तुकड्यातुकड्यांनीही विकतात. जहाजावर आमच्याभोवती कितीतरी लोक फक्त सिडनीपर्यंतचे होते. साडेतीन महिन्यांबद्दल मनात शंका असेल तर आधी एक लांब तुकडा करून पाहा, किंवा हंगामाच्या शेवटी जहाज एका भागातून दुसऱ्या भागात हलवतात त्या फेरीवर जा. त्या फेऱ्या तुलनेने स्वस्त असतात आणि त्यांत सलग पाच-सहा दिवस जमीन दिसत नाही. ते दिवस कसे जातात हे आधी कळलेलं बरं, कारण जगप्रदक्षिणेत जवळपास अर्धे दिवस समुद्रावरचेच असतात.

केबिनबद्दल आमचं मत ठाम आहे: खालचा मजला, जहाजाचा मधला भाग. जहाज पुढे-मागे डुलतं तेव्हा मध्यावर हालचाल सर्वांत कमी जाणवते. आम्ही बाल्कनीऐवजी खिडकीची केबिन घेतली आणि वाचलेल्या पैशांत किनाऱ्यावरच्या सहलींचा बराचसा खर्च निघाला. बाल्कनीची उणीव खरंच भासली ती फक्त पनामा कालव्यात.

तो दिवस थोडा सविस्तर सांगते. पहाटे पाचलाच आम्ही वरच्या डेकवर जागा धरली होती. गाटुनच्या लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून जहाज वर उचलणाऱ्या बंद कप्प्यांत, तीन टप्प्यांनी पाणी भरत भरत जहाज समुद्रसपाटीपासून 26 मीटर वर चढतं, गाटुन तलाव ओलांडतं आणि पलीकडे पेद्रो मिगेल आणि मिराफ्लोरेसला तीन टप्प्यांनी पॅसिफिकमध्ये उतरतं. 1914 मध्ये सुरू झालेल्या या जुन्या लॉकची रुंदी 33.5 मीटर आहे आणि त्यातून जाणाऱ्या मोठ्या जहाजांची सुमारे 32. दोन्ही बाजूंनी लोखंडी दोर धरलेली विजेची इंजिनं रुळांवरून चालतात आणि जहाजाला भिंतीला लागू देत नाहीत. मी खाली उतरून आमच्या खिडकीशी आले, तर काचेपलीकडे हातभर अंतरावर ओली काँक्रीटची भिंत. तिच्यावर शेवाळ्याचे हिरवे पट्टे होते. हळूहळू ते पट्टे खाली सरकायला लागले, तेव्हा कळलं की आम्ही वर चढतोय. एक धक्का नाही, एक आवाज नाही. कालव्याचा कर तिकिटातच असतो, त्यामुळे खर्चाच्या वहीत त्या दिवशी मी फक्त टिप लिहिली. संपूर्ण प्रवासातला माझा सर्वांत आवडता दिवस तोच.

विमा काढताना मात्र घाई करू नका. आमच्या नेहमीच्या प्रवास विम्यात एका प्रवासाची मर्यादा 60 दिवस होती, आणि हे लक्षात आलं ते पॉलिसीचं सातवं पान वाचताना. म्हणजे त्यानंतर आम्ही विम्याशिवाय फिरलो असतो. लांब मुदतीची वेगळी पॉलिसी घ्या. तिच्यात जहाजावरचे उपचार, समुद्रातून हेलिकॉप्टरने किंवा बोटीने रुग्णाला हलवण्याचा खर्च, आधीपासूनचे आजार आणि बंदर चुकण्याची भरपाई आहे का, हे लेखी विचारा. जहाजावर दवाखाना असतो, पण त्याचं बिल वेगळं येतं. होनोलुलू सोडल्यावर माझा खोकला छातीत उतरला. दोन वेळा तपासणी, एक एक्स-रे आणि पाच दिवसांची औषधं, सगळं खात्यावर चढलं. त्याच संध्याकाळी मी प्रत्येक कागद मागून घेतला, निदानावर डॉक्टरांची सही घेतली आणि सगळ्याचे फोटो काढून ठेवले. त्यामुळे परतल्यावर पहिल्या महिन्यात बरीचशी रक्कम परत आली. वहीत धरलेले 2 भाग म्हणजे विम्याने न दिलेली रक्कम.

रोजची औषधं पूर्ण मुदतीची आणि वर वीस दिवसांची न्या, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. ती हातातल्या बॅगेतच ठेवा.

व्हिसांसाठी मी वहीत आडवं पान घेतलं होतं: देश, पोहोचायची तारीख, सुटायची तारीख, किती वेळा प्रवेश, कधी अर्ज करायचा. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यावर सहा महिने तरी शिल्लक हवी आणि कोरी पानं भरपूर हवीत. जिथून निघता तिथेच परत येणार असाल तर पहिल्या देशाचा व्हिसा परतीच्या तारखेलाही चालू असायला हवा, त्यावर पुन्हा प्रवेश मिळायला हवा. ऑस्ट्रेलियासाठी तर जहाजावरून पाय खाली ठेवणार नसलात तरी व्हिसा लागतो. पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि 2016 पासून ते आयुष्यभर चालतं, त्यामुळे हा खर्च एकदाच. अर्ज करताना कंपनीने दिलेला बंदरांचा ताजा तक्ता जोडा. मार्ग बदलल्यामुळे आमचे दोन अर्ज नव्याने करावे लागले. कंपनीचं पत्र आलं त्याच दिवशी कामाला लागलो म्हणून वेळेत झाले.

किनाऱ्यावरच्या खर्चाचा आमचा नियम असा होता: पाच बंदरांवर मनसोक्त, बाकी ठिकाणी पायी आणि सार्वजनिक वाहनाने. ती पाच ठिकाणं निघण्यापूर्वीच ठरवली होती. केर्न्सहून ग्रेट बॅरियर रीफला जायला जहाजाचीच सहल घेतली, महाग असूनही. बोटीचा प्रवास एका बाजूने दीड तासाच्या वर, परतायला उशीर झाला तर जहाज कंपनीच्या सहलीसाठी थांबतं, स्वतः गेलेल्यांसाठी थांबत नाही. उलट फुंशालला बंदरातून चालत निघालो, केबल कारने वर मोंटेला गेलो. ऑकलंडहून डेव्हनपोर्टची फेरीबोट बारा मिनिटांची. सिडनीला आमचं जहाज सर्क्युलर कीला लागलं, समोर ऑपेरा हाउस, शेजारून मॅनलीची फेरीबोट. सिंगापूरला मेट्रो. अशा ठिकाणी जहाजाच्या बसला पैसे देण्यात अर्थ नाही. केप टाउनला टेबल माउंटनची केबल कार वाऱ्यामुळे बंद होते, तेव्हा सकाळी लवकर चौकशी करा आणि दुपारचा दुसरा बेत तयार ठेवा.

घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवा. फोन आपोआप स्थानिक वेळ धरतो आणि तिथेच घोटाळा होतो. निघण्याच्या अर्धा तास आधी सगळ्यांनी चढलेलं असायला हवं. आम्ही तासभर आधी परत येत होतो, कधीही धावपळ झाली नाही. कार्डाने पैसे देताना मशीन 'तुमच्या चलनात घेऊ का' असं विचारतं, तिथे स्थानिक चलनच निवडा. दुसऱ्या पर्यायात मशीनवाला आपला विनिमय दर लावतो, आणि शंभर दिवसांत तो फरक चांगलाच साठतो. न्यूझीलंडला उतरताना बॅगेत फळ, बिया काही राहू देऊ नका आणि बुटांची माती धुऊन काढा. तिथे तपासणी कडक असते, जागच्या जागी दंड होतो.

होनोलुलू आणि ऑकलंडच्या मधल्या रारोटोंगा बेटावर आम्ही उतरलोच नाही. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, लोकांना छोट्या बोटींनी नेतात. सकाळी बोट पाण्यात सोडली, ती लाटेवर माणूसभर वर-खाली होऊ लागली, आणि दोन तास वाट पाहून कप्तानाने बेत रद्द केला. हिरवेगार कडे समोर दिसत होते. बायका-पुरुष डेकवर गप्प उभे होते. फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण ती बोट मी डोळ्यांनी पाहिली होती, कप्तानाचा निर्णय बरोबर होता. छोट्या बोटींनी उतरायची बंदरं तक्त्यात आधीच शोधून ठेवा आणि ती हमखास मिळतील असं धरू नका.

त्यानंतर दोन दिवसांनी आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली. पश्चिमेकडे जाताना दर थोड्या दिवसांनी घड्याळ एक तास मागे जातं, म्हणजे रात्री पंचवीस तासांच्या दिवसाची चैन मिळते. ते मिळालेले सगळे तास या रेषेवर एका दिवसाच्या रूपाने परत द्यावे लागतात. आमच्या वहीत 17 फेब्रुवारीनंतर 19 फेब्रुवारी आहे. पूर्वेकडे जाणाऱ्यांना हा दिवस दोनदा मिळतो, पण वाटेत दर वेळी झोपेतला एक तास जातो. पहिल्याच फेरीला मी पश्चिमेकडचाच मार्ग सुचवेन, शरीराला तो सोपा जातो.

सामान कमी न्या. दहा दिवसांचे कपडे पुरतात, कारण स्वतः कपडे धुण्याची सोय बऱ्याच जहाजांवर असते. नसेल तर धुलाईचे दर आधी पाहून वहीत धरा. इस्त्री आणि सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेन्शन कॉर्ड सहसा जप्त होते. इंटरनेटचं पॅकेज निघण्याआधी घेतलं तर पुष्कळदा स्वस्त पडतं. आम्ही दोघांत एकच घेतलं आणि वेळ वाटून वापरलं.

दर रविवारी मी जहाजावरच्या खात्याचा उतारा काढून वहीशी ताडून पाहत असे. दोनदा आम्ही न घेतलेली वस्तू चढलेली सापडली, काउंटरवर दाखवताच वजा झाली. शेवटच्या दिवशी त्या काउंटरवर मोठी रांग लागते, म्हणून तुमचा शेवटचा उतारा दोन दिवस आधीच काढा. आमच्या शेवटच्या उताऱ्यात तळाशी एक छोटी जमा होती: रारोटोंगाचा बंदर कर, दोघांचा, परत.