टोप्या काढून काय उरतं बघू

गेल्या महिन्यात एका मंडळाचं काम आलं, दुभाजकातल्या खांबांवर लावायचे बॅनर, ३ बाय ६ चे, विषय 'विविधतेतलं नाशिक'. त्यांना काय हवं होतं तर एक फेटा, एक गोल टोपी, एक पगडी, एक क्रॉस, मागे गोदावरी आणि वरून सूर्यकिरणं, म्हणजे शाळेच्या गॅदरिंगचं पोस्टरच. म्हणलं एकदा टोप्या काढून बघू ना, खाली काय उरतं ते.

खूप उरतं हो. पांडवलेणीच घ्या, आपण पायऱ्या चढतो, सेल्फी काढतो, उतरतो. तिथल्या २४ लेण्यांपैकी १७ नंबरच्या लेण्यात ब्राह्मी लेख आहे, दान देणारा इंद्राग्निदत्त, यवन, उत्तरेकडून आलेला, म्हणजे ग्रीक माणूस आपल्या नाशकात बौद्ध भिक्खूंसाठी डोंगर कोरून घेतोय! सातपूर-अंबडच्या कारखान्यांत बाहेरून आलेल्यांवर तावातावाने बोलणाऱ्यांना हे ऐकवावंसं वाटतं, पण बॅनरवर टोमणा मारता येत नाही, म्हणून नुसती ती अक्षरं मोठी करून घेतली.

दुसरं शरणपूर. आपल्यासाठी शरणपूर रोड म्हणजे सिग्नल आणि पार्किंगची बोंब, पण १९व्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथल्या मिशनमध्ये राहायची. आफ्रिका पालथी घालणाऱ्या लिव्हिंग्स्टनचा देह १८७४ मध्ये इंग्लंडला पोचला तेव्हा सोबत असलेला जेकब वेनराइट इथेच शिकलेला. मंडळातल्या एकालाही माहीत नव्हतं, मलाही दोन वर्षांपूर्वी नव्हतंच म्हणा.

सगळ्यात जास्त वेळ गेला तांबट आळीत. मला मठाराच्या, म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोड्याने मारतात त्या ठोक्यांचं टेक्श्चर पाहिजे होतं, फोटोत ते येतच नाही, तांबं एवढं चमकतं की नुसता पांढरा डाग दिसतो. मग बटर पेपर घेऊन गेले, घागरीच्या पोटावर गुंडाळला आणि पेन्सिल आडवी धरून घासली, एकेक ठोका उमटायला लागला, माशाच्या खवल्यांसारखा, पण नीट बघितलं तर ओळ कुठेच सरळ नाही, हळूहळू चढत जाते. तांबट काका हातातला हातोडा थांबवून बघत होते, म्हणाले, "अगं पोरी, ठोके मोजतेस का माझे?" रंगाचा मात्र पोपट झाला, स्क्रीनवरचं तांबं फ्लेक्सवर चहाच्या डागासारखं आलं, शेवटी झकपक केशरी ग्राउंड आणि त्यावर काळे ठोके असं केलं.

आणि हो, माती माझ्याच हाताने खाल्ली. रंगपंचमीच्या रहाडीचा, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरतात त्या जुन्या हौदाचा बॅनर होता, टेक्स्ट कर्व्ह न करताच, म्हणजे अक्षरांचे आकार न करताच फाइल पाठवली, प्रेसवाल्याकडे तो फॉन्ट नाही, वेलांट्या एकीकडे अक्षरं दुसरीकडे, आणि तो बाबा तसंच छापून मोकळा. ११ पीस. स्वतःच्या खिशातून परत छापून घेतले, कुणाला सांगणार!

लागले एकदाचे खांबांवर. स्कूटरवरून जाताना तीन सेकंदांत आकार तेवढा कळतो, बाकी काही नाही, हे मी आधीच धरून चालले होते. काकांना मुद्दाम नेऊन दाखवलं. बराच वेळ मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "उतरवला की मला दे हां, पावसाळ्यात दुकानाच्या पत्र्यावर टाकायला बरा आहे."