फेब्रुवारीत इथे काहीच नव्हतं

फेब्रुवारीत मी रत्नागिरीकडच्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तीन दिवस काढले होते. काळा कातळ, वाळकं गवत, कडेला करवंदाच्या जाळ्या. खाणीच्या प्रस्तावासाठी वनस्पतींची यादी करायची होती, ती एका पानात संपली. अशा अहवालाला पावसाळा सोडून एका हंगामाची पाहणी चालते, म्हणजे नियमानं माझं काम झालं होतं. सातबाऱ्यावर जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. गुरं राखणारे एक आजोबा मात्र म्हणाले, "आता काय बघतेस बाय? मिरगानंतर ये."

जुलैत गेले. गाडीभाडं माझं, कारण पावसात कातळावर बघण्यासारखं काय असतं, असं आमच्या साहेबांचं मत.

गेटवरच मुकादम भेटला, खुशीत. "मॅडम, तुम्हाला चालायला बरं म्हणून कालच सगळं साफ करून घेतलंय. जनावराचं भय असतं ना."

पुढे बघते तर एकरभर सडा ग्रासकटरनं भादरलेला. ओल्या गवतात पांढरी फुलं मातीला लागून पडली होती. एकपानी आमरी, जमिनीवर वाढणारं एक ऑर्किड. कातळाच्या खळग्यात चार बोटं माती साठते, तेवढ्यात हिचा संसार: खाली एक कंद, वर जमिनीला चिकटलेलं एकच पान आणि वीतभर दांड्यावर फुलं. दिवाळीपर्यंत वरचं सगळं वाळून जातं. फेब्रुवारीत मी तिच्यावरूनच चालले असणार. कोकणातल्या सड्यांवर कोरलेली जुनी कातळशिल्पं बारा महिने जागेवर असतात. हिला भेटायला तिच्या वेळेलाच जावं लागतं.

मुकादमावर ओरडणार होते, पण कशाच्या जोरावर? त्यानं वाट साफ केली होती. मीही फेब्रुवारीत कागदावर तेच केलं होतं.

मग लक्षात आलं, कटरचं पातं पानाच्या वरूनच गेलंय. पान इतकं सपाट की वाचलेलं. मीटरभर चौकट टाकून गुडघ्यावर बसले. तुटलेला दांडा जवळच्या पानाशी जुळवायचा, पान मोजायचं. पहिल्याच चौकटीत 19.

कंद वाचले, पण यंदाचं बी गेलं. पूर्वी गवत कापायचे ते दसरा-दिवाळीच्या सुमारास, विळ्यानं. तोवर बी उडून गेलेलं असायचं. कापणं वाईट नाहीच, जुलैत कापणं वाईट. चराई पार बंद केली तरी उंच गवत फुलांना दाबतं, साताऱ्याजवळच्या कास पठारावर घातलेल्या कुंपणानं हे दाखवलंच.

दुपारी कंपनीचे अधिकारी आले. "मग उचलून दुसरीकडे लावू." मी विचारलं, कुठे? आमरीचं बी धुळीएवढं, त्यात साठवलेलं अन्न नसतं. मातीतली ठरावीक बुरशी मिळाली तरच ते रुजतं. कंद कुंडीत नेता येईल, कातळ कसा नेणार? ते म्हणाले, अहवालात लिहा. लिहिलंच, फोटो आणि तारखेसकट. फेब्रुवारीची यादीही तशीच जोडली, लाज वाटली तरी.

निघताना ग्रासकटरवाला बांधावर बसलेला. त्याला दोन दिवसांचं काम सांगितलं होतं. "उद्याची हजेरी कोण देणार?"

मुकादमाशी बोलून ठरवलं: उद्या त्यानं यायचं, मशीन घरी ठेवून, माझ्या टेपचं दुसरं टोक धरायला.