चोविसाचे तेवीस

हत्तीच्या डोक्यात ४६८ टाके आहेत. सोंड आणि कान वेगळे. हा आकडा मी बेरीज करून काढलाय. पहिल्या फेरीत ६, मग १२, १८, २४, ३०, ३६. त्यानंतर ३६च्याच आणखी सात फेऱ्या, आणि मग उतरत उतरत ३०, २४, १८, १२, ६. दिवसभर दुसऱ्यांच्या खात्यांचे ताळे जुळवणं हा माझा धंदा, त्यामुळे बेरीज करून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. क्रोशाने खेळणं विणायचं म्हणजे संध्याकाळी आकड्यांपासून सुटका, असं मला वाटलं होतं. एवढ्या मोठ्या गैरसमजात मी बऱ्याच दिवसांत नव्हते.

हत्ती भाच्यासाठी. तो नऊ महिन्यांचा आहे आणि हाताला लागेल ते तोंडात घालतो. ताईने एकच अट घातली होती, की त्याच्या तोंडात काही सुटून येता कामा नये. म्हणून प्लॅस्टिकचे तयार डोळे बाद. ते मागून चकतीने घट्ट बसतात खरे, पण तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात ते नकोतच. डोळे दोऱ्याने भरायचे. लोकरीऐवजी सुती धागा घ्यायचा, त्याचे केस सुटत नाहीत आणि धुतलाही जातो. मखमली धाग्याचे गुंडे दिसायला फार गोड होते, दोन मिनिटं हातात धरून उभी राहिले आणि परत ठेवले. त्यात टाका दिसतच नाही, बोटांनी चाचपडत विणावं लागतं. पहिल्या खेळण्यासाठी तो धागा घेणाऱ्याने नंतर रडू नये.

रंग राखाडी. गडद नको, कारण रात्री दिव्याखाली गडद रंगाचे टाके मोजणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. धाग्याच्या वेष्टणावर साडेतीन मिलिमीटरची सुई सांगितली होती, मी अडीचची घेतली. हे मुद्दाम. वेष्टणावरची सुई ही अंगावर घालायच्या, मऊ पडणाऱ्या कपड्यासाठी असते. खेळण्याची वीण इतकी घट्ट हवी की आतला कापूस बाहेर डोकावणार नाही. त्याची किंमत उजव्या हाताचा अंगठा मोजतो. सुती धागा लोकरीसारखा ताणत नाही, प्रत्येक टाक्यात सुई अक्षरशः घुसवावी लागते.

या प्रकाराला जगभर अमिगुरुमी म्हणतात. शब्द जपानी आहे. ‘अमि’ म्हणजे विणलेलं, आणि ‘नुइगुरुमी’ म्हणजे कापूस भरलेलं खेळणं, दोन्ही मिळून हा शब्द झाला. आईला मी सांगितलं तेव्हा तिने तो दोनदा उच्चारून बघितला आणि मग ‘तुझं ते बाहुलं’ म्हणायला लागली.

आई गेली चाळीस वर्षं क्रोशाची सुई चालवते. टेबलावरचे रुमाल, उशांच्या कडा, पडद्याच्या झालरी. सगळं सपाट. भरीव वस्तू तिने आयुष्यात केलेली नाही. मला शिकवायची तिची तयारी होती, पण मला वाटलं, व्हिडिओ बघून जमेल. जमलंही. तीन संध्याकाळींत डोकं तयार झालं. फक्त ते डोकं नव्हतं. लांबुळकं, मऊ, मोज्यासारखं काहीतरी होतं आणि भोकाभोकांतून पांढरा कापूस बाहेर बघत होता.

आईने ते हातात घेतलं, चष्मा वर केला, म्हणाली, “अगं, हे खांब का घातलेस? इथे मुके खांब हवेत.”

“आई, नमुन्यात डीसी लिहिलंय, डबल क्रोशे. म्हणजे खांबच.”

“लिहिलं असेल. पण खांबाचं भांडं कापूस धरेल का?”

मी चिडून पुन्हा नमुना वाचायला घेतला. अगदी वर, बारीक अक्षरांत, एक ओळ होती की ही नावं ब्रिटिश पद्धतीची आहेत. घोळ असा की अमेरिकन लोक ज्याला डबल क्रोशे म्हणतात तो आपला उंच खांब, आणि ब्रिटिश लोक ज्याला डबल क्रोशे म्हणतात तो आपला बुटका मुका खांब. नाव एकच, टाके दोन. व्हिडिओ मी अमेरिकन बघितले आणि नमुना ब्रिटिश घेतला. दोन कंपन्यांचे ताळेबंद वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेले असतात, आधी टिपा वाचायच्या, हे मी नवीन पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आलेय. स्वतः टिपा वाचल्या नाहीत. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिने फक्त बोट घालून भोक बघितलं. आणि मला विचाराल तर ‘मुका खांब’ हे नाव दोन्ही इंग्रजी नावांपेक्षा शहाणं आहे.

सगळं उसवलं. उसवताना मात्र मजा येते, तीन संध्याकाळी चार मिनिटांत गुंड्यावर परत.

दुसऱ्यांदा आई शेजारी बसली. सुरुवातीलाच आमचं वाजलं. ती चार साखळ्या घालून गोल जोडते आणि त्यात टाके घालते. रुमालाच्या मधोमध त्यामुळे एक छोटं भोक राहतं, आणि तिथे ते शोभतं. हत्तीच्या टाळूला भोक शोभत नाही. खेळण्यात धाग्याचाच एक सैल फास करतात, त्यात सहा मुके खांब घालतात आणि टोक ओढलं की फास मिटून जातो. मॅजिक रिंग म्हणतात त्याला. आईने मला तीन वेळा करायला लावलं, मग स्वतः केलं, आणि पुढचा अर्धा तास नुसती फास घालून मिटवत बसली.

मग तिला दुसरा धक्का बसला. ती प्रत्येक फेरी शेवटी जोडून घेते आणि नवी फेरी साखळीने उचलते. इथे फेरी जोडतच नाहीत. गोगलगायीच्या शंखासारखं गोल गोल वर चढत जायचं.

“मग फेरी संपते कुठे?”

“संपतच नाही, आई.”

“मग मोजतेस कुठून?”

प्रश्न बरोबर होता. मोजायचं खुणेपासून. प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात एक खूण अडकवायची आणि फेरी झाली की ती वरच्या टाक्यात हलवायची. त्यासाठी रंगीत क्लिपा मिळतात. मी लाल दोऱ्याचा तुकडा वापरला. माझा पुढचा सगळा त्रास त्या तुकड्यापासून सुरू झाला.

चौथ्या फेरीत २४ टाके हवेत. माझे २३ भरले. पुन्हा मोजले, २३. आईने मोजले, २३. लाल दोरा कुठेतरी एक टाका अलीकडे सरकला होता, की मी एका टाक्यात दोन घालायचं विसरले होते, ते शोधायला अख्खी फेरी उसवावी लागली असती. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी जे केलं ते माझ्या हाताखालच्या कुणी केलं असतं तर मी त्याला समोर बसवून झापलं असतं. पुढच्या फेरीत गुपचूप एक जादा वाढ घातली आणि ३० पूर्ण केले. आमच्या भाषेत सांगायचं तर फरक सस्पेन्स खात्यात टाकला, म्हणजे न जुळणारी रक्कम तात्पुरती जिथे ढकलतात तिथे.

गंमत म्हणजे काहीही बिघडलं नाही. कापूस भरल्यावर तो टाका कुणालाच, अगदी मलासुद्धा सापडेना. दर फेरीत वाढ त्याच जागी घातली की डोक्याला सहा कोपरे येतात, हेही मला नंतर कळलं. म्हणून जाणकार लोक वाढीची जागा मुद्दाम इकडेतिकडे हलवतात. म्हणजे माझ्या चुकीने एक कोपरा उलट बोथट झाला होता. हे मी ऑफिसात सांगणार नाही.

घट करायची रीत मात्र शिकून घेण्यासारखी आहे. दोन टाके नेहमीसारखे एकत्र घेतले की तिथे गाठ आल्यासारखं दिसतं. टाक्याच्या माथ्यावर दोन धाग्यांचा इंग्रजी व्ही दिसतो. त्यातला फक्त पुढचा धागा, लागोपाठच्या दोन टाक्यांचा, सुईवर घ्यायचा आणि मग मुका खांब पुरा करायचा. घट कुठे झाली ते दिसतसुद्धा नाही. आईने हे बघितलं आणि “इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही” असं जरा रागानेच म्हणाली.

कानांची गोष्ट वेगळीच झाली. नमुन्यातले कान मला लहान वाटले. सहाऐवजी प्रत्येक फेरीत आठ वाढी घातल्या तर कान लवकर मोठे होतील, असा हिशेब मी केला. पाचव्या फेरीला कान टेबलावर सपाट बसेना. कडा लाटांसारखी वरखाली व्हायला लागली. आईने लांबूनच सांगितलं, “झालर आली बघ.”

का आली, याचं उत्तर शाळेतल्या गणितात आहे. प्रत्येक फेरीला वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते, म्हणून परीघ त्या उंचीच्या सहा पटीहून थोडा जास्त वाढायला हवा. मुका खांब जेवढा उंच जवळपास तेवढाच रुंद, म्हणून दर फेरीला सहा टाके वाढवले की चकती सपाट राहते. त्याहून कमी वाढवले की वाटी होते, जास्त वाढवले की झालर. माझ्या पहिल्या डोक्याचा मोजा का झाला तेही इथेच उलगडलं. खांब उंच, आणि वाढ मात्र मुक्या खांबाची. आईला विचारलं, रुमाल किती खांबांनी सुरू करतेस? “बारा,” ती म्हणाली, “सगळे बारानेच करतात.” खांबाची उंची रुंदीच्या साधारण दुप्पट. तिचं गणित चाळीस वर्षं बरोबर चाललं होतं, त्रिज्येचं नावही न घेता.

माझ्या त्या झालरीवरून आठवलं. डायना तैमिना या लाटव्हियन गणितज्ञ बाईंनी १९९७ साली, कॉर्नेल विद्यापीठात असताना, क्रोशाने असाच एक झालरीचा पृष्ठभाग विणला होता. हायपरबोलिक प्रतल, म्हणजे सपाट न राहता सगळीकडे झालरीसारखं पसरणारं पृष्ठ, जे कागदावर नीट दाखवता येत नाही, ते विद्यार्थ्यांच्या हातात देता यावं म्हणून. टाके एका ठरावीक प्रमाणात वाढवत गेलं की ते आपोआप तयार होतं. आईला सांगितलं की तुझ्या पडद्यांच्या झालरी म्हणजे उच्च गणित आहे. ती म्हणाली, “ते असू दे, कान उसव.”

उसवले. सहाने पुन्हा केले, फक्त दोन फेऱ्या जास्त.

सोंड म्हणजे नऊ टाक्यांची नळी. त्यात बोट जात नाही, सुई फिरवायला जागा नाही. कापूस पेन्सिलच्या मागच्या टोकाने, चिमूट चिमूट, पिंजून भरावा लागतो. गोळा करून कोंबला की सोंडेत गाठी दिसतात. खालच्या बाजूने एक धागा ओवून हलकेच ओढला की सोंड वळते. ती वळली त्या क्षणी, डोळे नसतानाही, तो हत्ती झाला. तोवर राखाडी गोळे होते.

पायांबद्दल फार सांगत नाही. चौथ्या पायात एक फेरी जास्त झाली होती. शिवून टेबलावर ठेवला तर तो तिरपा उभा राहून डुलत होता. मी कात्री शोधायला उठले. “राहू दे,” आई म्हणाली, “हत्ती डुलतोच.”

राहू दिला.

डोळ्यांवर मात्र एक पूर्ण रविवार गेला. डोळे कापूस भरल्यावरच भरावेत, कारण रिकाम्या डोक्यावर नेमलेली जागा भरल्यावर सरकते. शिवाय गोल चढत जाणाऱ्या विणीत टाके एकावर एक सरळ बसत नाहीत, प्रत्येक फेरी किंचित बाजूला सरकते. वरून मोजून समोरासमोर घेतलेले दोन टाके प्रत्यक्षात समोरासमोर नसतात. आधी टाचण्या लावून बघितल्या. सात टाक्यांचं अंतर ठेवलं तर हत्ती हुशार दिसतो. नऊ ठेवलं तर बावळट, पण प्रेमळ. डावा डोळा एक फेरी वर गेला तर तो आपल्यावर संशय घेतो. मी चार वेळा भरले, चार वेळा काढले. शेवटी नऊ टाके ठेवले. टाचण्या किती लावल्या होत्या ते मोजून तेवढ्याच परत डबीत गेल्या का, हेही बघितलं. अशा ठिकाणी माझी सवय उपयोगी पडते.

धडाची १८ टाक्यांची उघडी कड डोक्याखालच्या १८च्या फेरीवर ठेवली आणि टाक्याला टाका लावून शिवलं. मान शिवून मिटायच्या आधी तिथे गच्च कापूस भरायला हवा होता. मी हात आखडता घेतला, म्हणून तो आता सगळ्यांना हो हो म्हणतो.

पूर्ण झाल्यावर आईच्या हातात दिला. तिने चेहऱ्याकडे बघितलंच नाही. उलटा केला, बूड बघितलं, जिथे शेवटचे सहा टाके ओवून ओढून मिटवलेत तिथे नख फिरवलं. “दोरा आत घेतलास?” “घेतला.” “किती?” “चार बोटं.” मग कान ओढून बघितले, सोंड ओढून बघितली, चांगली जोर लावून. माझ्या पोटात गोळा आला. काही निघालं नाही. तेव्हा कुठे सुलटा करून ती त्याच्या तोंडाकडे बघून हसली.

भाच्याने सोंड तोंडात घातली. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला की हा धुवायला टाकला की पोरगं घर डोक्यावर घेतं, तेव्हा अगदी असाच अजून एक करून दे. अगदी असाच म्हणजे डुलणारा आणि मान हलवणारा, असं तिने दोनदा बजावलं.

काल रात्री बसले. या वेळी लाल दोऱ्याऐवजी क्लिप लावलीय. नमुन्याच्या टिपा वाचल्यात. आई शेजारी बसून स्वतःचा ससा विणतेय, कारण तिला आता भरीव वस्तूंची चटक लागली आहे. चौथी फेरी संपवली, मोजली.

तेवीस.

“आई, तुझे किती?”

“चोवीस,” ती म्हणाली, आणि मग जरा वेळाने, मान वर न करता, “मी एक मागून घातला.”