मामाचा डफ आणि दुकानदाराचं ‘उद्या या’

पावसाळ्यात पुण्यात चामड्याचं वाद्य मढवायला टाकू नका. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर रागाच्या भरात राहून जायचं.

मामाला पक्षाघाताचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. बोटांत थोडी हालचाल परत आल्यावर ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी दोन्ही हातांनी आळीपाळीने ठेका धरायचा व्यायाम दिला. ठेका असला की हात कधी उचलायचा ते आधीच कळतं आणि माणूस कंटाळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मामा रोज डायनिंग टेबल बडवायला लागला. मामी म्हणाली, "अगं, याच्या वाढदिवसाला काहीतरी वाजवायचंच आण. माझं टेबल तरी सुटेल."

निवड करणं तसं सोपं होतं. तबला बाद, त्यात प्रत्येक बोट सुटं चालावं लागतं. काहोन म्हणजे वाजवायची लाकडी पेटी, तिच्यावरच बसून पुढे वाकायचं म्हणजे तोल जायची भीती. जेंबे हा आफ्रिकन ढोल गुडघ्यांत तिरका धरायचा, आणि मामाचा डावा पाय तेवढा भरवशाचा नाही. दिमडी हातात धरून वाजवायची, शिवाय तोंड लहान. नेम चुकला की हात कडेवर आपटणार. गोव्याच्या मावसभावाने घुमट सुचवलं, तिकडचं मडक्यासारखं वाद्य. मातीचं ते, मामाच्या हातून फुटलं असतं. (कोणी जुनं घुमट देऊ केलं तर कातडं कशाचं ते विचारा. पूर्वी घोरपडीचं असायचं, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते चालत नाही. आता बकऱ्याचं लावतात.) शेवटी शाहिरी डफ ठरला: १२ इंची, हलका, टेबलावर आडवा ठेवता येईल असा.

दुकानात डफाचं कडं छान होतं, कातडं मात्र ढिलं. "ताई, नवीन मढवून देतो, चार दिवसांत." मी सगळे पैसे भरून बाहेर पडले. दिवस आषाढाचे.

चार दिवसांनी कळलं की कातडं वाळलेलं नाही. ते खोटं नव्हतं. कातडं भिजवून ताणतात, वाळता वाळता ते आवळतं, आणि हवाच ओली असेल तर काय आवळणार? मी गप्प बसले. पुढे मात्र पावसाचं नाव निघेना. गणपतीच्या दोन-दोन महिने आधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो आणि ढोलांची पानं, म्हणजे तोंडावर मढवलेले पडदे, फुटायला लागतात. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, खांद्यावर ढोल घेऊन पोरं उभी. मी विचारलं की ‘उद्या या’. उद्या गेले की माझं कडं खुंटीवर तसंच लटकलेलं, कातड्याचा पत्ता नाही. एकदा आवाज चढवला तर शांतपणे म्हणाला, "ताई, पथकाचं थांबवता येत नाही. तुमचं काय, घरगुती काम." घरगुती! मामाचा वाढदिवस होऊन गेला होता. पैसे परत मागितले तर म्हणे, माल घ्या, पैसे मिळत नाहीत. माल कुठे होता?

मधल्या काळात मामीने भजनी मंडळाची खंजिरी आणली. झांजांचा किणकिणाट मामाला सहन होईना. झटक्यानंतर आवाज डोक्यात जातो त्याच्या. झांजांना चिकटपट्टी लावली तेव्हा कुठे जमलं. तेव्हा घरच्या माणसाला आवाजाचा त्रास होतो का, ते आधी बघा.

विसर्जन झालं आणि डफ आला. कातडं कडक, आवाज भरदार, कामाला नाव ठेवायला जागा नाही, आणि त्याचाच जास्त राग आला. ड्रॉवरमध्ये अंथरतात ती रबरी जाळी खाली घातली की डफ सरकत नाही, आवाजही दबतो, वरच्या मजल्यावरचे तक्रार करत नाहीत. उंची मात्र थेरपिस्टला विचारूनच ठेवा. मामाचं टेबल उंच होतं, खांदा दुखायला लागला, मग मांडीवर पाट घेतला.

आज घ्यायचा झाला तर मी फायबरचं पान आणि नट-बोल्टवाला डफ घेईन. दमट हवेत उतरत नाही, उतरलाच तर घरी आवळता येतो. आवाज थोडा कोरडा येतो, पण मामाला काही मैफल गाजवायची नाही. आणि मढवायला टाकणारच असाल तर निम्मेच पैसे द्या, पावतीवर तारीख लिहून घ्या. ‘गणपतीनंतर’ असं नको, कुठल्या वर्षीच्या ते कोणी सांगत नाही.