गजराज १/१४४: पुढची चाकं टेकली!

मंडळी, गजराज (आपल्या हवाई दलाचं आयएल-७६ मालवाहू विमान, त्याचं १/१४४ आकाराचं मॉडेल मी बनवतोय) उभा राहिला. चाकं बसवल्यापासून हा गडी शेपटीवरच बसत होता. इंग्रजी टी सारखी उंच शेपटी (टी-टेल), त्यात मी मागचा उतरता दरवाजा, म्हणजे रॅम्प, उघडा ठेवलेला. सगळा भार मागे. इतर विमानांच्या नाकात शिसं कोंबलं की भागतं. आयएल-७६ च्या नाकाखाली नेव्हिगेटरची काचेची केबिन, तिथे काहीही ठेवलं तरी लख्ख दिसतं. मागून होल्ड, म्हणजे माल ठेवायची पोकळीही उघडी. उरली कॉकपिटमागची जागा, पण वजन मधल्या मुख्य चाकांच्या जितकं जवळ, तितकं जास्त लागतं.

वजनासाठी मिळणाऱ्या जड टंगस्टन पुट्टीची किंमत बघून गप्प बसलो. पैठणहून मासेमारीच्या जाळ्याला लावतात ती शिसं आणली, हातोडीने चेपून पट्ट्या केल्या (हातमोजे घाला रे!) आणि कॉकपिटच्या तळाखाली, होल्डच्या पुढच्या भिंतीआड थरावर थर इपॉक्सीने बसवल्या. सुपरग्लूच्या नादी लागू नका, पट्टी निसटते. रात्रभर वाळू दिलं. सकाळी पुढच्या चाकांखाली कागद सरकवून पाहिला. सरकेना!

आता देखावा. ३ नोव्हेंबर १९८८ ची रात्र, मालदीवमधलं बंड मोडायला भारताने केलेलं ऑपरेशन कॅक्टस. आग्र्याहून ६ पॅरा या छत्रीधारी पलटणीचे जवान घेऊन निघालेली दोन आयएल-७६ दोन हजारांहून जास्त किलोमीटर न थांबता मालदीवच्या हुलहुले बेटावर उतरली. माझे १२ मिमीचे जवान रॅम्पवरून धावत उतरणार, होल्डमध्ये लाल एलईडी, सेल बेसखाली.

थांबा, लिहिता लिहिताच सुचतंय. खऱ्या विमानाचं धड ४.८ मीटर रुंद, म्हणजे आपल्याकडे ३३ मिमी. शिशाऐवजी दोन एएए सेल शेजारी शेजारी आरामात मावतील, वजनाचं वजन आणि दिव्याचा दिवा! बदलायला पंखापुढचं छत चुंबकावर ठेवायचं. इथे इपॉक्सी दगड झालंय, पण विमानं दोन गेली होती ना? म्हणजे दुसरं किट घ्यायला घरी कारणही मिळालं.

रंगाचं काम रखडलंय. या उन्हात अॅक्रिलिक रंग एअरब्रशच्या नोझलच्या टोकालाच वाळतो. वाळणं लांबवणारं रिटार्डर घालून पहाटेच फवारतो. डीकलवाल्याने (विमानावर चिकटवायची चित्रं छापणारा) राउंडेलचा, म्हणजे हवाई दलाच्या गोल तिरंगी खुणेचा, केशरी विटकरी छापलाय, पुन्हा त्याच्याकडून घेणार नाही.

आणि हो, भाडोत्री बंडखोर ओलीस घेऊन ‘प्रोग्रेस लाइट’ जहाजातून पळाले, त्यांना समुद्रात गाठणाऱ्यांत आपली युद्धनौका आयएनएस गोदावरी होती. पैठणच्या शिशावर उभ्या विमानाशेजारी गोदावरी नको का? १/७०० मध्ये तिचं रेझिन किट कुणाच्या पाहण्यात असेल तर कळवा.