दसऱ्याची सकाळ, केप मे

आज दसरा. पहाटे पावणेपाचला एडिसनहून निघालो, उजाडता उजाडता केप मे पॉइंट स्टेट पार्कात पोचलो. काल हवा पालटली होती आणि वारा वायव्येचा. असा वारा सुटला की इथे यायचं, हे आता पाठ झालंय. न्यू जर्सीचं हे दक्षिण टोक नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं. वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटलेले स्थलांतरी पक्षी जमीन धरून दक्षिणेकडे येतात आणि इथे एकदम समोर पाणी, म्हणून इथेच गोळा होतात. १९७६ पासून दर सप्टेंबर ते नोव्हेंबर शिकारी पक्ष्यांची मोजदाद इथे चालते ती त्यामुळेच.

मी मात्र आज ब्लू जे या इथल्या निळ्या पक्ष्यांसाठी आलो होतो.

लहानपणी वर्ध्याला बाबा दसऱ्याच्या सकाळी सायकलच्या दांडीवर बसवून नीलकंठ बघायला न्यायचे. तारेवर बसलेला मातकट पक्षी, उडाला की पंखांतून निळाई उघडायची. बाबा सायकल थांबवून हात जोडायचे. तो दिसल्याशिवाय घरी परतायचं नाही. इंग्रज लोक आपल्याकडे याच नीलकंठाला 'ब्लू जे' म्हणायचे, हे मला इथे आल्यावर कळलं. खरं तर इथला ब्लू जे कावळ्याच्या गोतातला, नात्याचा काही संबंध नाही. तरी ते वाचल्यापासून दसरा आला की माझे पाय इकडे वळतात.

साडेसातला पहिला थवा आला, चाळीसेक. एरवी घरामागे केवढा कालवा करतात, पण स्थलांतरात चकार शब्द नाही. दीपगृहावरून निघाले, वाळू ओलांडली, पाण्यावर गेले आणि पुढचे वळले. मग सगळेच मागे. पुन्हा घिरटी, पुन्हा पाणी, पुन्हा माघार. तेवढ्यात शिक्र्याच्या कुळातला शार्प-शिन्ड हॉक आडवा आला आणि अख्खा थवा झपकन झाडीत उतरला.

आठला बाबांचा फोन. तिकडे साडेपाच, सोनं द्यायला निघायची वेळ.

"दिसला का रे?"

"चाळीस दिसले, बाबा. सीमोल्लंघन व्हायचंय अजून."

"मला नाही दिसला यंदा. दोनदा जाऊन आलो नदीपर्यंत."

काय बोलावं कळेना. २०२३ च्या भारतीय पक्ष्यांच्या अहवालात वाचलं होतं, बारा वर्षांत नीलकंठ सुमारे ३० टक्क्यांनी घटलेत. ते बाबांना सांगवलं नाही.

"नमस्कार केलास का?"

"राहिलाच."

"मग कर. माझाही कर."

दुर्बीण गळ्यात सोडून मी झाडीकडे बघत हात जोडले.